शिशाचं भंगार: कस, घट आणि खरा भाव

सराफाकडे मोड नेली की तो आधी कस बघतो, मग घट धरतो आणि भावाचं बोलणं त्यानंतर करतो. घरी बंदुकीच्या गोळ्या ओतण्यासाठी शिशाचं भंगार घेणाऱ्यानेही हाच क्रम पाळावा. बादलीवर लिहिलेला पौंडाचा भाव हा भाव नसतोच. त्या बादलीतून वितळवून, गाळून, ओतण्याजोगी मिश्रधातू किती निघाली आणि तिच्यात कथील व शिसं कठीण करणारं अँटिमनी किती होतं, यावर खरा भाव ठरतो.

पुढचं सगळं अमेरिकेतल्या व्यवहाराबद्दल आहे. तिथे स्वतःच्या वापरासाठी गोळ्या ओतायला केंद्रीय परवाना लागत नाही, धंदा म्हणून विकायच्या असतील तर लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याचे सुटे भागही येतात आणि परवान्याशिवाय ते बनवणं गुन्हा आहे. तेव्हा सुट्टीत गावी आल्यावर हा उद्योग नको.

आधी गरज किती ते बघा

बहुतेक जण कठीणपणासाठी उगाच जास्त पैसे मोजतात. शुद्ध शिशाचा ब्रिनेल आकडा (कठीणपणाचं माप) ५ च्या आसपास असतो. तोंडाकडून भरायच्या जुन्या धाटणीच्या बंदुकीला तेच लागतं. पॉइंट ३८ स्पेशलसारख्या मंद रिव्हॉल्व्हर गोळीला ९ ते १२ पुरतो. वेगवान मॅग्नम किंवा रायफलसाठी १५ च्या पुढे जावं लागतं. मंद गोळी फार कठीण केली तर ती नळीत फुगून घट्ट बसत नाही, बाजूने गरम वायू निसटतो आणि नळीत शिसं चिकटतं. थोडक्यात, महागडी मिश्रधातू घेऊन काम बिघडवायची सोय होते.

किती लागेल हेही मोजून घ्यावं. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. १५८ ग्रेनच्या गोळ्या पौंडात ४४ होतात, २३० ग्रेनच्या ३०. वर्षाला २,००० हलक्या गोळ्या ओतणाऱ्याला ४५ ते ५० पौंड धातू पुरते. ‘स्वस्त आहे’ म्हणून ५०० पौंड घेऊन गराज भरण्याआधी हा हिशेब करावा.

कुठे काय मिळतं

टायरच्या दुकानातली व्हील वेट, म्हणजे चाकाचा तोल साधायला लावतात ती वजनं, हा जुना भरवशाचा माल. क्लिपवाल्या शिशाच्या वजनांत साधारण ३ ते ४ टक्के अँटिमनी, अर्धा टक्का कथील आणि किंचित आर्सेनिक असतं, म्हणून ती रिव्हॉल्व्हरच्या गोळीला जवळपास तशीच चालतात. मागे चिकटपट्टी असलेली वजनं मात्र जवळजवळ शुद्ध शिसं असतात. त्यांची बादली वेगळी ठेवा. हा झरा आता आटत चालला आहे. कॅलिफोर्नियाने २०१० पासून आणि वॉशिंग्टन राज्याने २०११ पासून शिशाची व्हील वेट बंद केली, इतर काही राज्यंही त्या वाटेने गेली. त्यामुळे बादलीत लोखंड आणि जस्त वाढत जातं.

मऊ शिसं हवं असेल तर छपराचं काम करणारे, जुनी नळजोडणी उखडणारे आणि एक्स-रे खोल्या पाडणारे ठेकेदार गाठावेत. एक्स-रे खोलीचा पत्रा उत्तम, फक्त तो जिप्सम बोर्डावर चिकटवलेला असतो, सोलून घ्यावा लागतो. छपराच्या पत्र्याला डांबर असतं, वितळवताना धूर फार होतो. जुन्या शिशाच्या नळ्यांचे सांधे सोल्डरचे असतात. ते कापून वेगळे ठेवा, त्यांत कथील आहे.

नेमबाजीच्या मैदानातल्या मातीतून निघालेलं शिसं मालकाच्या परवानगीशिवाय उचलू नये. अनेक बंदिस्त मैदानांचे भंगारवाल्यांशी करारच असतात. मिळालं तर मऊ ते मध्यम कठीण असं संमिश्र शिसं हाती येतं. तांब्याची आवरणं शिशाच्या तापमानाला वितळत नाहीत, वर तरंगतात, गाळून काढता येतात. पण पूर्ण बंद आवरणाच्या गोळ्या आधी हातोडीने फोडा, नाहीतर आतलं शिसं दाबाने उडतं. आणि ढिगातलं प्रत्येक मूठभर डोळ्यांखालून घाला: न उडालेलं एखादं काडतूस भांड्यात गेलं तर भाव स्वस्त की महाग हा प्रश्नच उरत नाही.

छापखान्याचा धातू हा सगळ्यांत कसदार. लिनोटाइपच्या (अख्खी ओळ एका पट्टीत ओतणाऱ्या यंत्राच्या) ताज्या पट्टीत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील असतं. ती २४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि ब्रिनेल २२ च्या जवळ भरते. पुन्हा पुन्हा वितळवलेल्या पट्टीतलं कथील कमी होत जातं, म्हणून जुन्या मालात ४ टक्के धरू नका. ज्यांना आपण छापखान्यातले खिळे म्हणतो ती सुटी अक्षरं मोनोटाइपची असतील तर अँटिमनी १९ टक्क्यांपर्यंत असतं, फाउंड्रीत ओतलेल्या खिळ्यांत त्याहूनही जास्त. पण खिळ्यांचा संपूर्ण संच हाती लागला तर वितळवू नका. हाताने छपाई करणारे हौशी लोक त्याला धातूपेक्षा जास्त किंमत देतात. तो विकून शिसंच विकत घ्या.

गाडीच्या बॅटरीतलं शिसं फुकट मिळालं तरी घेऊ नका. आत आम्ल असतं आणि आजच्या बॅटरीत कॅल्शियमही. त्यातला अवशेष आर्सेनिक-अँटिमनीवाल्या मिश्रधातूशी आणि ओलाव्याशी एकत्र आला की आर्सिन, स्टिबिनसारखे जीवघेणे वायू निघू शकतात. जुन्या बॅटऱ्या दुकानात परत द्या, अनामत मिळते.

भावाचं गणित

लंडन मेटल एक्स्चेंजचा टनाचा भाव २,२०४.६ ने भागला की पौंडाचा भाव येतो. समजा शिसं टनाला २,००० डॉलर आणि कथील ३०,००० डॉलर आहे. म्हणजे शिसं पौंडाला ९१ सेंट, कथील १३.६ डॉलर. अँटिमनी १० डॉलर धरलं तर पौंडभर लिनोटाइपमध्ये शिसं ७६ सेंटचं, कथील ५४ सेंटचं आणि अँटिमनी १ डॉलर २० सेंटचं: एकूण अडीच डॉलर. आकडे त्या दिवशीचे घाला, रीत हीच. अँटिमनीचा भाव मात्र जुन्या आठवणीवर धरू नका. २०२४ मध्ये चीनने निर्यातीवर बंधनं आणली, डिसेंबरमध्ये अमेरिकेला निर्यात थांबवली आणि भाव भडकले. त्याआधीचं ‘लिनो दोन डॉलरच्या वर घेऊ नये’ हे शहाणपण आता चालत नाही.

ही खालची मर्यादा झाली. वरची मर्यादा म्हणजे फाउंड्रीतून येणाऱ्या, घटक ठरलेल्या नव्या मिश्रधातूचा घरपोच भाव. भंगार त्याच्या जवळ पोहोचलं तर सरळ नवं घ्या. कारण भंगाराला गाळायची मेहनत, गॅस आणि अनिश्चितता चिकटलेली असते.

आता घट. समजा ११० पौंडांची व्हील वेटची बादली ९० डॉलरला मिळते आहे. पौंडाला ८२ सेंट, ऐकायला छान. निवडून पाहिलं तर १८ पौंड लोखंड, १४ पौंड जस्त, ३ पौंड व्हॉल्व्ह, सिगारेटची थोटकं आणि इतर कचरा. राहिले ७५. त्यातल्या क्लिपा १२ टक्के वजा केल्या की ६६, मळ काढल्यावर ६४. म्हणजे खरा भाव १ डॉलर ४१ सेंट. म्हैस पाण्यात असताना मोल ठरवू नये. बादली जमिनीवर ओता, वरच्या थरावर जाऊ नका. दुकानदार ओतू देत नसेल तर हात तळापर्यंत घालून दोन मुठी काढा आणि त्यांत शिशाचे किती तुकडे आहेत ते मोजा.

टपालाने मागवत असाल तर अमेरिकी टपालाची ठरावीक दराची पेटी शिशासाठी सोयीची पडते, कारण ७० पौंडांपर्यंत दर बदलत नाही. पेटीचा दर आतल्या पौंडांनी भागून धातूच्या भावात मिळवा. विक्रेत्याला आतून दुहेरी बांधणी आणि भरपूर पट्टी मागा. फाटलेल्या पेटीतून लगडी वाटेत गळतात.

भंगारवाल्याकडे ‘शिशाचा भाव काय’ असं विचारू नका. तो घेतो तो भाव आणि विकतो तो भाव वेगळे असतात. दोन्ही विचारा, म्हणजे घासाघिशीला जागा किती आहे ते कळतं. काही भंगारवाले बाहेरच्याला विकतच नाहीत. अशा ठिकाणी अदलाबदल चालते का ते बघावं: पितळ, तांबं द्या, शिसं घ्या. टायरवाल्याशी ठरावीक वाराला, रिकामी बादली बदलून देत व्यवहार ठेवला तर पहिला माल तुमच्याकडे येतो.

ओळख पटवणं

व्हील वेटवर कोरलेली अक्षरं आधी बघा. एफई म्हणजे लोखंड, झेडएन म्हणजे जस्त. अक्षर नसेल तर कटर पक्कडीने कडा दाबा: शिशात पातं सहज रुततं, जस्तावर घसरतं किंवा जेमतेम ओरखडा उठतो. शंका राहिली तर म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) आम्लाचा एक थेंब टाका, जस्तावर बुडबुडे येतात. आवाजावरूनही अंदाज येतो. मऊ शिसं फरशीवर टाकलं की ‘थप्प’ होतं, लिनोटाइप खणखणतं आणि हातोडीने मोडलं तर आत कणीदार दिसतं.

कठीणपणासाठी चित्रकाराच्या पेन्सिलींचा संच पुरतो. लाकूड सोलून आतल्या ग्राफाइटचं टोक पॉलिश पेपरवर सपाट करा, धातूचा पृष्ठभाग कानशीने साफ करा आणि पेन्सिल ४५ अंशात धरून पुढे ढकला. जी पेन्सिल पहिल्यांदा धातूत रुतते, तिच्या आसपास कठीणपणा असतो. ढोबळमानाने ५बी म्हणजे ७ ते ८, ३बी म्हणजे १०, एचबी म्हणजे १४ ते १५, २एच म्हणजे २२ ते २३. ताज्या ओतलेल्या अँटिमनीच्या मिश्रधातूचा आकडा पुढचे काही दिवस चढतो, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. मोठ्या भंगारवाल्याकडे एक्स-रे किरणांनी घटक सांगणारी बंदूक असते. ती फक्त पृष्ठभाग वाचते, तेव्हा जागा खरवडूनच दाखवा.

जस्ताची भीती रास्त आहे, पण ती तापमानाने आवरते. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त ४२० ला. भांडं ३७० अंशांच्या खाली ठेवलंत तर निवडीतून सुटलेली जस्ताची वजनं तरंगतात, चिमट्याने काढता येतात. विरघळलं तर धातू रवाळ लापशीसारखी होते, साच्याचे कोपरे भरत नाहीत. तशा लगडी स्वस्त मिळाल्या तरी नको, त्या मासेमारीच्या वजनांच्याच कामाच्या. एकदा वितळवायला सुरुवात झाली की पाण्याचा थेंब भांड्यापासून लांब ठेवा, उघड्यावर काम करा, आणि मळ डब्यात बंद करा, मुलांच्या वाटेत नको. ती धूळच सगळ्यांत वाईट.

कथील स्वस्तात मिळवणं

कथील महाग घटक आहे, म्हणून बचतही तिथेच. ते लागतं थोडं, दोन टक्के पुरे. साचा नीट भरण्यासाठी. १० पौंड धातूला ०.२ पौंड कथील, म्हणजे पाव पौंडाच्या आतच प्यूटर (भांड्यांसाठी वापरतात ती कथिलाची मिश्रधातू). आधुनिक प्यूटरमध्ये ९० टक्क्यांहून जास्त कथील असतं आणि जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्याचे पेले, ताटल्या किरकोळ दरात पडलेल्या असतात. खाली ‘प्यूटर’ हा शिक्का बघा. आर्मेटेल लिहिलेलं असेल तर ठेवून द्या, ते ॲल्युमिनियम आहे. सोल्डरिंगची सळई कडेला टेकवली की प्यूटर वितळतं, ॲल्युमिनियम ढिम्म. मेणबत्तीच्या दांड्यांचं तळ जड करायला सिमेंट भरलेलं असतं, त्याचे पैसे देऊ नका.

सोल्डरची रिळं घेताना प्रमाण वाचा. ५०-५० म्हणजे निम्मं कथील. अमेरिकेत १९८६ नंतर नळकामाचं सोल्डर शिसेविरहित झालं, ९५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असलेलं जुनं रीळ मिळालं तर सोन्याहून पिवळं. जस्त असलेलं सोल्डर मात्र दूर ठेवा.

मिश्रण सोपं आहे. समसमान वजनाचं लिनोटाइप आणि शुद्ध शिसं मिसळलं की ९२ टक्के शिसं, ६ अँटिमनी, २ कथील होतं. बाजारात याच प्रमाणाची तयार मिश्रधातू हार्डबॉल नावाने विकतात, ब्रिनेल १६ च्या आसपास. वरच्या हिशेबातलं अडीच डॉलरचं लिनो आणि एक डॉलरचं शिसं घेतलं तर ती पावणेदोन डॉलरला पडते. एकाला दोन भाग शिसं घातलं तर ४ टक्के अँटिमनी उरतं, रिव्हॉल्व्हरला तेवढं खूप झालं.

वितळलेल्या धातूवर येणारी राखाडी साय नवखे लोक कचरा म्हणून फेकतात. तिच्यात तुमचं महाग कथील असतं. थोडं मेण किंवा कोरडा लाकडी भुसा टाकून, तळापर्यंत ढवळून ते धातूत परत घ्या आणि मगच उरलेली काळी भुकटी काढा. लगडी थंड झाल्या की लोखंडी ठशाने प्रत्येकीवर प्रकार आणि तारीख उमटवा. शाईने लिहिलेलं सहा महिन्यांत पुसलं जातं आणि मग लिनो कुठलं, व्हील वेट कुठलं, हे पुन्हा पेन्सिलींनी शोधत बसावं लागतं.