पावसाळ्यात ई-रोड बाइकला मडगार्ड लावताना या चुका टाळा

आखाजीला मडगार्ड कुणालाच आठवत नाही. मृगाचा पहिला सडाका आला की सायकलच्या दुकानांत गर्दी होते आणि जे हाताला लागेल ते लावून लोक मोकळे होतात. साध्या सायकलला हे चालून जायचं. इलेक्ट्रिक रोड बाइकला चालत नाही. तिचा टायर बारीक, चिमट्यात जागा कमी, बहुधा मागच्या चाकात मोटर, खालच्या नळीत बॅटरी आणि एक्सलमधून बाहेर आलेली वायर. यातलं काहीही लक्षात न घेता मडगार्ड बसवलं, तर ते उपयोगाचं राहत नाही, उलट नुकसान करतं.

मी दोन पावसाळ्यांपूर्वी सीटच्या दांड्याला अडकवायचं आखूड मडगार्ड घेतलं होतं. धुळ्याहून लळिंगच्या चढाकडे निघालो, वाटेत भुरभुर लागली. पाठ कोरडी होती, त्यामुळे मडगार्ड झकास निघालं असं वाटत होतं. परतीच्या वाटेवर मोटर अडखळायला लागली आणि शेवटचे काही किलोमीटर ती बंदच राहिली. घरी येऊन सायकल उलटी केली तेव्हा कळलं. खालच्या नळीच्या पोटावर गाळाचा थर, चार्जिंगच्या सॉकेटची रबरी टोपी अर्धी उघडी आणि मोटरच्या वायरचा जोड चिंब. शर्ट तेवढा स्वच्छ होता.

पहिली चूक इथेच होते. पाठ कोरडी राहिली म्हणजे मडगार्ड चांगलं, असं समजू नका. मागचं मडगार्ड अंग वाचवतं. सायकल वाचवतं ते पुढचं. पुढच्या चाकाच्या मागच्या बाजूने सुटलेलं पाणी सरळ खालच्या नळीवर, पेडलच्या धुरीवर आणि पायांवर येतं. बॅटरी तिथेच, पुष्कळ सायकलींत चार्जिंगचं सॉकेट तिथेच, मिड-ड्राइव्ह, म्हणजे पेडलपाशी बसवलेली मोटर असेल तर तीही तिथेच. साधा सायकलवाला पावसात वेग कमी करतो. ई-बाइकवाला मोटरच्या जोरावर ताशी २५ किलोमीटर धरून राहतो, त्यामुळे त्या जागेवर वाळूमिश्रित पाण्याचा मारा सतत चालू असतो. पैसे एकाच मडगार्डापुरते असतील तर पुढचं पूर्ण लांबीचं घ्या आणि मागे तूर्त आखूड चालवा. दुकानदार नेमकं उलटं सुचवेल, कारण गिऱ्हाईक पाठीचीच तक्रार घेऊन येतं.

पुढच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला रबरी फ्लॅप हवाच. बहुतेक कंपन्या देतात तो बोटभर असतो. तो जमिनीपासून सहा-सात सेंटिमीटरवर यायला हवा. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून दोन बारीक नट-बोल्टांनी लावला की काम होतं, खर्च जवळपास काही नाही. मी आतापर्यंत मडगार्डावर जेवढा पैसा घातला, त्यापेक्षा जास्त फायदा मला या तुकड्याने झाला आहे. जोडे कोरडे राहतात, चेनमध्ये वाळू कमी जाते आणि नळीचं पोट बघितलं तर फक्त धूळ दिसते.

माप न घेता खरेदी

आपल्याकडच्या दुकानांत मिळणारी मडगार्डं बहुतेक २६ इंची गिअर सायकलची असतात. रोड बाइकचं चाक ७००सी, म्हणजे रिमचा व्यास ६२२ मिमी. २६ इंचीचा बाक त्यावर बसत नाही, मध्ये फट पडते आणि टोकं टायरला टेकतात. २९ इंची सायकलची रिमही ६२२ मिमीचीच असते, त्यामुळे "हे बसेल भाऊ" असं सांगून ते दाखवलं जातं. बाक जुळतो, हे खरं. पण ते जाड टायरसाठी केलेलं असतं आणि रोड बाइकच्या चिमट्यात मावत नाही.

रुंदी टायरपेक्षा साधारण १० मिमी जास्त धरा. २८ मिमीच्या टायरला ३८ ते ४० मिमी, ३२ च्या टायरला ४२ ते ४५ मिमी. टायरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. रुंद रिमवर २८ चा टायर ३० पर्यंत फुगलेला मी मोजला आहे. पूर्ण हवा भरा आणि व्हर्नियरने मोजा. फ्रेमच्या माहितीपत्रकात "३२ मिमीपर्यंत टायर" असं लिहिलेलं असेल, तर ते मडगार्डासकट की मडगार्डाशिवाय, हे आवर्जून विचारा. मडगार्ड लावल्यावर बहुधा एक माप खाली यावं लागतं.

काळ्या मातीचा हिशोब न धरणं

खान्देशात सगळ्यांत महाग पडणारी चूक ही आहे. पुण्या-मुंबईकडच्या सल्ल्यावर ती टळत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

डांबरी रस्त्यासाठी टायर आणि मडगार्ड यांच्यात किमान ६ मिमी फट ठेवा, असा सर्वसाधारण नियम आहे आणि नुसत्या पाण्यासाठी तो बरोबर आहे. पण आपली माती वेगळी. या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी शोषून फुगतं आणि वाळलं की आक्रसतं, म्हणूनच उन्हाळ्यात शिवारात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हाच गारा टायरला चिकटला की सुटत नाही. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला वर नवा थर चढतो आणि मडगार्डाखाली दाबून बसतो. ६ मिमीची फट शे-दीडशे पावलांत भरते, मग चाक फिरायचंच थांबतं.

"मी शेतात सायकल घालतच नाही" असं म्हणून सुटका होत नाही. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात पावसाळ्यातही गाड्या भरणं चालू असतं. शेतातून निघणारे ट्रॅक्टर चाकांबरोबर गारा डांबरी रस्त्यावर आणतात. बांधाच्या तोंडाशी दहा-वीस मीटर रस्ता काळाकुट्ट असतो. तेवढाही बारीक टायरला पुरतो.

म्हणून इथे फट १० मिमीच्या खाली नको, जागा असेल तर १५ ठेवा. एवढी जागा फ्रेममध्ये नसेल तर जाड टायरचा हट्ट सोडा, २८ वर या. आणि ज्या दिवशी कच्च्या रस्त्याने जायचं नक्की असेल, त्या दिवशी पुढचं मडगार्ड काढून घरी ठेवा. मी मडगार्डाचा एवढा आग्रह धरणारा माणूस, पण ओल्या काळ्या रानात मडगार्ड नसलेलंच बरं, हे मी अनुभवाने सांगतो.

चाक अडकलं तर पेडलवर जोर देऊन ते सोडवू नका. साध्या सायकलवर फार तर पाय दुखतील. इथे मोटर तुमच्याबरोबर जोर लावते, फिरायला वाव नसतो, करंट वाढतो आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा भाग, तापतो. आधी मोटर बंद करा, खाली उतरा, कडुनिंबाची नाहीतर बाभळीची ओली काडी घ्या आणि गारा खरवडून काढा. स्क्रू ड्रायव्हर घालू नका, टायरची बाजू फाटते. हे काम तिथल्या तिथे करायचं. घरी जाईपर्यंत वाळला तर तो गारा राहत नाही, दगड होतो.

केळीच्या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. गाड्यांतून पडलेला केळीचा पाला आणि सोपटं, म्हणजे खोडाच्या साली, रस्त्याच्या कडेला ओली होऊन पडलेली असतात. सोपटाची पट्टी पुढच्या चाकाबरोबर वर ओढली गेली तर मडगार्ड गुंडाळलं जाऊन चाक जागीच थांबू शकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. पुढच्या मडगार्डाच्या काड्या चिमट्याला जिथे जोडतात, तिथे ओढ बसल्यावर आपोआप सुटणारी क्लिप असलेलं मडगार्डच घ्या. चार पैसे जास्त जातात, पण ही गोष्ट मी ऐच्छिक मानत नाही.

मोटरच्या एक्सलशी खेळ

रोड बाइकच्या काही फ्रेमना मडगार्डाच्या काड्यांसाठी आटे पाडलेली भोकं नसतात. मग मिस्त्री सोपा उपाय काढतो आणि काडीची पट्टी मागच्या एक्सलच्या नटाखाली दाबतो. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यात बसवलेली मोटर असेल तर हे कधीही करू देऊ नका. मोटर जेवढ्या जोराने चाक फिरवते, तेवढ्याच जोराने एक्सल उलट्या दिशेला फिरू पाहतो. त्याला नट, टॉर्क वायसर (एक्सलला फिरू न देणारी चकती) आणि खाचेतली घट्ट बसण धरून ठेवते. मध्ये पातळ पट्टी आली की नटाची पकड कमी होते. एक्सल जागचा हलला तर त्यातून बाहेर येणारी वायर पिळली जाते आणि तुटते. ती दुरुस्ती मडगार्डाच्या किमतीत होत नाही.

फ्रेमला भोक पाडणं तर नकोच. आत बॅटरी आहे, वायरी आहेत, आणि वॉरंटी त्याच क्षणी संपते. भोकं नसतील तर रबरी अस्तर असलेली, नळीभोवती आवळायची पट्टी वापरा. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमुळे काडी सरळ जात नसेल तर मध्ये स्पेसर घाला. काडी वाकवून आणि ओढून बसवलेलं मडगार्ड भोकापाशी चिरतं, ॲल्युमिनिअमचं असेल तर लवकरच. चेनच्या बाजूचा बोल्ट आतून किती बाहेर येतो तेही बघा. दोन आटे जास्त आले तरी सगळ्यात लहान चक्रीवर चेन घासते.

मोटरच्या वायरला मडगार्डाची काडी घासत असेल तर काडीची जागा बदला, वायरची ओढाताण नको. वायरला जोडाच्या आधी खाली थोडा झोल ठेवा. घरात विजेची वायर आत घेताना इलेक्ट्रिशियन ठेवतो तसाच, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन ठिबकतं आणि जोडात शिरत नाही.

वळताना जोड्याचं टोक पुढच्या मडगार्डाला लागतं का, हे उभ्या सायकलवर पेडल आडवं धरून बघा. लहान फ्रेमवर बहुधा लागतंच. काड्यांची वाढलेली टोकं हॅक्सॉने कापून कानशीने गुळगुळीत करा, वर रबरी टोप्या घाला.

प्लास्टिक की ॲल्युमिनिअम, यावर माझं मत प्लास्टिककडे, पण चांगल्या, लवचीक प्लास्टिककडे. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांपलीकडे जातो. उन्हात उभ्या सायकलचं हलकं प्लास्टिक दोन उन्हाळ्यांत कुडकुडीत होतं. मृगाआधी ते हाताने थोडं वाकवून बघा. कडकड वाजलं किंवा पांढरी रेघ उमटली तर बदला.

लावल्यावर कुरकुर सुरू झाली तर

खर्रखर्र सतत येत असेल तर मडगार्ड मधोमध नाही. काड्यांचे बोल्ट सैल करून सारखं करा आणि पुन्हा आवळा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच घासत असेल तर दोष मडगार्डाचा नाही. रिम वाकडी आहे किंवा टायर नीट बसलेला नाही. फक्त खड्ड्यात वाजत असेल तर बोल्ट सैल आहेत. आत नायलॉनची कडी असलेले नट घाला, धातू-धातूच्या मध्ये रबरी वायसर घाला. पहिल्या ओल्या फेरीनंतर सगळे बोल्ट एकदा तपासायचेच, ते हमखास हललेले असतात.

वेगाचा आकडा मध्येच शून्य होत असेल किंवा मोटर थांबून-थांबून चालत असेल, तर आधी मागच्या चाकाजवळचा सेन्सर आणि स्पोकवरचं चुंबक पुसा. त्यांच्यामध्ये गारा अडकला असेल किंवा मडगार्डाच्या काडीने सेन्सर ढकलला गेला असेल. तरीही फरक पडला नाही तर सायकल बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढा आणि मोटरच्या वायरचा जोड उघडून बघा. ओला असेल तर सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. बॅटरी उन्हात ठेवू नका, ओल्या सॉकेटला चार्जर लावू नका. जोड परत बसवताना दोन्ही बाजूंचे बाण एका रेषेत आणा, आतल्या पिना बारीक असतात आणि जबरदस्तीने वाकतात. रबरी कडेला थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की पुढचा पाऊस तिथे शिरत नाही. एवढं करूनही स्क्रीनवर एरर कोड, म्हणजे बिघाड सांगणारा आकडा, दिसतच राहिला तर मिस्त्रीकडे न्या, मोटर घरी उघडू नका.

आणि गारा धुवायला गाडी धुण्याच्या सेंटरवर नेऊ नका. मडगार्डाने वर्षभर जे पाणी बाहेर ठेवलं, ते प्रेशरचा पाइप एका मिनिटात बेअरिंगमध्ये आणि मोटरच्या वायरीपर्यंत पोचवतो. बादली, जुनं फडकं आणि मऊ ब्रश घ्या, मडगार्डाच्या आतल्या बाजूला हात घालून धुवा. चिमट्याच्या वरच्या टोकाशी, जिथे नजर जात नाही, तिथे मागच्या फेरीचा गारा हमखास सापडतो.