ग्रीक कपड्यांचे शब्द इंग्रजीवरून पाठ करताय? या चुका टाळा

ग्रीक शिकायला बसलेल्या मराठी माणसाच्या वहीत हमखास एक तक्ता असतो. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे ग्रीक. ड्रेस म्हणजे फोरेमा, स्कर्ट म्हणजे फूस्ता, शर्ट म्हणजे पुकामिसो. माझ्या वहीतही होता. अथेन्सच्या एर्मू रस्त्यावर, सिन्दाग्मा चौकाकडून उतरताना मी एका कपड्यांच्या दुकानात शिरले, तेव्हा तो तक्ता मला तोंडपाठ होता. तरीही काउंटरवरच्या बाईंनी काढून दाखवलेली एकही वस्तू मला हवी ती नव्हती. मनातली मराठी गोष्ट मी आधी इंग्रजीत नेत होते आणि तिथून ग्रीकमध्ये आणत होते. या दोन मुक्कामांत अर्थ बदलत होता. मराठीवरून थेट ग्रीककडे गेलं, तर खूप कमी चुका होतात. कसं, ते पुढे सांगते.

सुरुवात ब्लाऊजपासून करते, कारण आपल्या बायकांची पहिली फसगत इथेच होते. मराठीत ब्लाऊज म्हणजे साडीवरचा, पूर्वीच्या चोळीच्या जागी आलेला. इंग्रजीत ब्लाऊज म्हणजे बायकांचा जरा नेटका शर्ट. ग्रीकमधला ब्लूझा मात्र या दोन्हींपेक्षा बराच मोठा. अंगात डोक्यावरून घालायचं जवळजवळ काहीही ब्लूझा असतं, पुरुषांचं असो की बायकांचं, पातळ असो की लोकरीचं. ब्लूझाकी म्हटलं की टीशर्ट. म्हणून ‘ब्लूझा द्या’ म्हटल्यावर समोर गोल गळ्याचा पुरुषी टीशर्ट आला, तर दुकानदाराचं काही चुकलेलं नाही.

उलट बाजूने इंग्रजी जॅकेट बघा. तक्त्यात त्याच्यापुढे एकच ग्रीक शब्द लिहिलेला असतो, पण ग्रीकमध्ये त्याचे निदान तीन तुकडे होतात. सुटाचा वरचा कोट म्हणजे साकाकी. थंडीवाऱ्यात घालायचं चेन लावलेलं, फुगीर जाकीट म्हणजे बुफान. आणि झाकेता? कानाला जॅकेट वाटतं, पण असतं ते पुढून बटणं लावायचं लोकरीचं स्वेटर. डिसेंबरमध्ये उत्तर ग्रीसमधल्या थेसालोनिकीला जायचं म्हणून झाकेता मागून घेतलात, तर थंडी आरपार जाईल. गुडघ्यापर्यंत येणारा जाड कोट हवा असेल तर त्याला पाल्तो म्हणतात. स्कार्फचंही असंच. हिवाळ्यात गळ्याभोवती गुंडाळायचा लोकरीचा तो कास्कोल, शोभेचा रेशमी तो फुलारी, डोक्याला बांधायचा चौकोनी तो मांदिली, खांद्यावरून घ्यायची शाल ती साली.

मांदिली लिहिताना मला दरवेळी आनंद होतो, कारण आपल्याकडे मंदील आहे. डोक्याला बांधायचा जरीचा मंदील आणि ग्रीक खेड्यातल्या म्हातारीच्या डोक्यावरची मांदिली हे लांबचे भाऊबंद. मूळ लॅटिन शब्द ग्रीकमध्ये आला आणि अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडेही पोचला. पुकामिसोचंही तसंच. त्याच्या पोटात लॅटिन कामिसिया आहे, आणि आपल्या खमीस-कमीजमध्येही तीच आहे. पापूत्सी म्हणजे बूट. तो ग्रीकमध्ये तुर्कीतून आला, तुर्कीत फारसी पापोशावरून, आणि आपण त्याच फारसी शब्दाचा पायपोस केला. ‘कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही’ म्हणताना आपण नकळत निम्मा ग्रीक शब्द म्हणत असतो. खिशाला ग्रीक त्सेपी म्हणतात, तीही तुर्कीमार्गे आलेली अरबी जेबच. ग्रीस काही शतकं तुर्कांच्या उस्मानी राज्यात होता आणि आपल्याकडे दरबारी भाषा फारसी होती, म्हणून हे धागे जुळतात. इंग्रजी तक्त्यात यातलं काहीच दिसत नाही. पापूत्सीपुढे शू लिहिण्याऐवजी पायपोस लिहा, शब्द लगेच लक्षात राहील.

पण नात्यावर आंधळा विश्वासही नको. पिजामेस हा शब्द आपल्याच पायजम्याचा. इंग्रजांनी इथून नेला आणि युरोपभर पसरवला. तिकडे तो फक्त रात्री झोपताना घालायचा जोड आहे, आणि बहुतेक वेळा अनेकवचनातच वापरतात. आजोबांसाठी पांढरा सुती पायजमा हवा असं सांगायचं असेल, तर पिजामेस म्हणू नका. पांढरी सुती पांदेलोनी मागा.

इंग्रजी शब्दांनी ग्रीक शब्द उसने घेऊन अर्थ बदलला, तिथे तर जास्तच जपावं लागतं. आपल्याकडे लग्नसराईत खांद्यावर घेतो तो स्टोल ग्रीक स्तोलीपासून आलाय, लॅटिन आणि इंग्रजीमार्गे. आजच्या ग्रीकमध्ये स्तोली म्हणजे गणवेश. पोलिसाची, नर्सची, सैनिकाची स्तोली असते. कार्निवलमध्ये मुलं राजा किंवा चेटकीण होतात तो वेषही स्तोलीच. मग इंग्रजी कॉस्च्यूमला कोस्तूमी म्हणावं ना? नाही. कोस्तूमी म्हणजे सूट, लग्नाला किंवा ऑफिसला घालायचा. कार्निवलच्या वेषासाठी दुकानात कोस्तूमी मागितलं, तर समोर करड्या रंगाचे सूट येतील. झोनी ऐकून झोन आठवतो, आणि झोन हा शब्द निघालाही तिथूनच, पण कपड्यांच्या दुकानात झोनी म्हणजे कमरेचा पट्टा. गाडीतला सीटबेल्टही झोनीच.

फोरेमा आणि फोर्मा. एका अक्षराचा फरक आणि वस्तू पूर्ण वेगळी. फोरेमा म्हणजे ड्रेस, फोर्मा म्हणजे व्यायामाचा ट्रॅकसूट. तसंच फूस्ता आणि फुस्तानी. फूस्ता म्हणजे कमरेखालचा स्कर्ट, फुस्तानी म्हणजे गळ्यापासून खालपर्यंत एकसंध ड्रेस, बोलीभाषेतला. याच घराण्यातली तिसरी फुस्तानेला. सिन्दाग्मा चौकात अज्ञात सैनिकाच्या स्मारकापुढे पहारा देणारे एव्झोनेस रविवारी आणि सणाला हा पांढराशुभ्र, चुण्यांचा घेर घालतात. त्याच्या ४०० चुण्या उस्मानी राजवटीच्या ४०० वर्षांच्या मानल्या जातात. ग्रीक माणसाला त्या वस्त्राचा मोठा अभिमान आहे. त्याला इंग्रजीतून स्कर्ट म्हणून मोकळं होऊ नका. फुस्तानेलाच म्हणा.

तक्ता इंग्लंडमधल्या माणसाने केलाय की अमेरिकेतल्या, हेही बघायला हवं. इंग्लंडमध्ये पँट्स म्हणजे आतले कपडे. म्हणून तिथल्या यादीत पँट्सपुढे सोव्राको लिहिलेलं सापडतं, आणि सोव्राको म्हणजे पुरुषांची चड्डी. अमेरिकन यादीत त्याच पँट्सपुढे पांदेलोनी असतं. आपण पँट म्हणतो ती पांदेलोनी. वेस्टचंही असंच. इंग्लंडचा वेस्ट म्हणजे आपला बनियन, ग्रीकमध्ये फानेला. अमेरिकेचा वेस्ट म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट, ग्रीकमध्ये यिलेको. फुटबॉलपटूच्या अंगातल्या नंबराच्या जर्सीलाही फानेलाच म्हणतात, म्हणून खेळाच्या बातम्यांत हा शब्द दिसला तर बनियन समजू नका. तक्त्यात पँट्स आणि वेस्ट या दोन ओळी आधी तपासा. त्या बघितल्या की यादी कुठली आहे ते कळतं.

इंग्रजीची आणखी एक सवय सोडावी लागते. ट्राउझर्स नेहमी अनेकवचनी, म्हणून आपण ग्रीकमध्येही पांदेलोनिया म्हणून बसतो, आणि दुकानदार विचारतो, किती? मराठीत आपण ‘एक पँट घेतली’ म्हणतो, ग्रीकही ‘एना पांदेलोनी’ म्हणतो. इथे मराठीवर विश्वास ठेवला असता तर चूक झालीच नसती. चष्म्याचं मात्र उलट. आपला चष्मा एक, पण ग्रीक यालिया अनेकवचनी, कारण एकवचनी याली म्हणजे नुसती काच.

लिंगाच्या बाबतीत मराठी माणूस भाग्यवान आहे. ग्रीकमध्येही पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग तिन्ही आहेत, आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं. पांढरा, पांढरी, पांढरं, तसं आस्प्रोस, आस्प्री, आस्प्रो. इंग्रजीवरून येणाऱ्याला हे महिनोन्‌महिने छळतं, आपल्याला ते पहिल्या दिवशी कळतं. चूक होते ती वेगळीच. आपण मराठी शब्दाचं लिंग तसंच ग्रीक शब्दाला लावतो. ती टोपी, पण कापेलो नपुंसकलिंगी. तो पट्टा, पण झोनी स्त्रीलिंगी. तो मोजा, पण काल्त्सा स्त्रीलिंगी. तो शर्ट, ती पँट, पण पुकामिसो आणि पांदेलोनी दोन्ही नपुंसकलिंगी. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका. एखादं पांढरेपण जोडून म्हणा: आस्प्री फूस्ता, आस्प्रो पुकामिसो, आस्प्रा पापूत्सिया. मराठीत लाल कुठेही बदलत नाही. ग्रीकमध्ये लाल, म्हणजे कोकिनो, बदलतो, पण निळा ब्ले, करडा ग्री आणि गुलाबी रोझ हे बदलत नाहीत.

क्रियापदांत मात्र आपली श्रीमंती आड येते. आपण साडी नेसतो, सदरा घालतो, फेटा बांधतो, शाल पांघरतो, चष्मा लावतो, अत्तर लावतो. ग्रीक माणूस या सगळ्यांना फोराओ म्हणतो. चष्मा, घड्याळ, अत्तर, गाडीतला पट्टा, सगळं फोराओ. अंगावर चढवण्याची क्रिया सांगायची असेल तर वाझो, उतरवण्याची असेल तर व्घाझो. एवढं पुरतं. वेगळी क्रियापदं शोधत बसू नका. फक्त आघात सांभाळा. फोरा म्हणताना जोर ‘फो’वर दिला तर ‘घाल’ अशी आज्ञा होते, ‘रा’वर दिला तर ‘वेळ’, म्हणजे एक वेळ, दोन वेळ. १९८२ पासून ग्रीक लिखाणात जोराची एकच खूण उरली आहे. ती नजरेआड करू नका. पाट्यांवर मोठ्या लिपीत मात्र ती नसते. आणि पाटीवरचा पहिला शब्द रूखा, म्हणजे कपडे, इंग्रजी डोळ्यांनी वाचला तर पोयक्सा होतो. इंग्रजी पीसारखं दिसणारं ग्रीक अक्षर ‘र’ आहे आणि एक्ससारखं दिसणारं ‘ख’.

उच्चारात एक देणगी आपल्याला आहे. चोर, चाक यांतला आपला च हिंदीत नाही, पण ग्रीकमध्ये आहे. त्सांदा म्हणजे पिशवी, त्सेपी म्हणजे खिसा, यांत तोच च उच्चारा. मी हे शब्द ‘त्स’ने लिहिले आहेत, पण जीभ तुमची आधीच तयार आहे.

आता कपडे घालून बघायची वेळ. त्या खोलीला धोकिमास्तीरियो म्हणतात. बाहेर आल्यावर इंग्रजीतला ‘फिट होतो’ शोधत बसू नका. ग्रीक म्हणतो मू कानी, म्हणजे ‘मला होतो’. मोठा असेल तर मू ईने मेगालो, ‘मला मोठा होतो’. आणि बाईंनी सू पाई पोली म्हटलं, तर पाई म्हणजे ‘जातो’ असलं तरी तिथे कुठे जायचं नाहीये. ‘तुला फार शोभतो’ असं त्या म्हणतायत. तो ‘मला’ आणि ‘तुला’ मराठीत जसा आहे तसाच ग्रीकमध्ये आहे. माझ्या मते या एका रचनेसाठी तरी इंग्रजी बाजूला ठेवायला हवी. अनोळखी माणसाशी अनेकवचनात बोलायची रीतही आपल्यासारखीच. ती नूमेरो फोराते, म्हणजे ‘तुम्हाला कितवा नंबर लागतो’. बुटाचं उत्तर युरोपी मापात द्या. आपल्याकडचा ७ नंबर तिकडे साधारण ४१ होतो.

मग त्या विचारतील, घ्यायचा का? इथे कान सांभाळा. ‘हो’ला ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणतात, आपल्या ‘नाय’च्या अगदी जवळ. ‘नाही’ला ‘ओही’ म्हणतात, ‘हो’सारखं सुरू होणारं. आणि पुष्कळ ग्रीक माणसं नकार देताना मान आडवी हलवत नाहीत, भुवया आणि हनुवटी किंचित वर उचलतात, कधी जीभ टाळ्याला लावून ‘च्’ करतात. तो होकार समजू नका.

पैसे दिल्यावर इंग्रजी ‘चेंज’ मागाल तर घोटाळा होईल. परत मिळालेले पैसे म्हणजे रेस्ता. सुटी नाणी म्हणजे प्सिला. कपडा बदलून घेणं म्हणजे आलायी. त्यासाठी दुकानात परत गेलात, तर पहिला प्रश्न पावतीचा येईल. तिला आपोधिक्सी म्हणतात. ती पिशवीत न टाकता पाकिटात ठेवा.