सिस्टिम फाईल डिलीट झाल्यावर विंडोज सुरू होत नसेल, तर फॉरमॅटच्या आधी काय करावे

जागा मोकळी करण्याच्या भरात विंडोजच्या स्वतःच्या फाईली ठेवणाऱ्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरमधली एखादी अनोळखी फाईल काढून टाकली जाते आणि पुढच्या वेळी संगणक निळ्या पडद्यावर एक त्रुटी-क्रमांक दाखवून तिथेच अडतो. अशा वेळी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे उत्तर फार लवकर दिले जाते. मात्र विंडोज सुरू न होणे आणि डेटा जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचे फोटो, हिशेब आणि कागदपत्रे बहुधा डिस्कवर जशीच्या तशी असतात. ती जातात घाईने केलेल्या फॉरमॅटमुळे.

पुढील कृती विंडोज १० आणि ११ साठी आहे. प्रथम पडद्यावरील संदेशाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा, कारण त्यात हरवलेल्या फाईलचे नाव असू शकते. त्यानंतर पॉवरचे बटण सुमारे १० सेकंद दाबून धरून संगणक बंद करावा. सुरू होताना असे लागोपाठ दोनदा केले, की तिसऱ्या वेळी विंडोज बहुधा आपणहून दुरुस्तीच्या पडद्यावर जाते. तसे न झाल्यास दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या ‘मीडिया क्रिएशन टूल’ने किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह तयार करावा, त्यावरून संगणक सुरू करावा आणि ‘इन्स्टॉल’ऐवजी ‘रिपेअर युवर कॉम्प्युटर’ निवडावे. या टप्प्यावर बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी किल्ली मागितली जाऊ शकते. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

आता ‘ट्रबलशूट’ आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मधून ‘कमांड प्रॉम्प्ट’ (आदेश टाईप करण्याची खिडकी) उघडावा. येथे ‘notepad’ टाईप करून एंटर दाबले, की साधे नोटपॅड उघडते. त्यातील ‘फाईल – ओपन’ची खिडकी उघडून खाली ‘ऑल फाईल्स’ निवडले, की सगळे ड्राइव्ह दिसतात आणि राइट क्लिकने आपले फोल्डर कॉपी करून बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करता येतात. कॉपी किती झाली हे दाखवणारी पट्टी दिसेलच असे नाही, त्यामुळे संयम ठेवावा. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी हे काम उरकणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

त्याच खिडकीत ‘विंडोज’ फोल्डर कोणत्या ड्राइव्हवर आहे तेही पाहून घ्यावे. दुरुस्तीच्या वातावरणात ड्राइव्हची अक्षरे बदलू शकतात. नेहमीचा ‘सी’ येथे ‘डी’ झालेला असू शकतो आणि चुकीचे अक्षर दिले तर आदेश निष्फळ ठरतो.

यानंतर कमांड प्रॉम्प्ट बंद करून पुन्हा ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ मध्ये जावे आणि प्रथम ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवावे. त्याने काम न झाल्यास ‘सिस्टिम रिस्टोअर’ उघडून फाईल काढण्याआधीच्या तारखेचा रिस्टोअर पॉइंट (विंडोजने जपलेली त्या दिवशीची सिस्टिमची स्थिती) आहे का ते पाहावे. तो असेल तर तुमची कागदपत्रे न बदलता सिस्टिम फाईली पूर्वस्थितीत येतात, मात्र त्या तारखेनंतर बसवलेले प्रोग्रॅम निघून जातात. पॉइंट नसेल तर पुन्हा कमांड प्रॉम्प्टवर पुढील आदेश इंग्रजी अक्षरांत टाईप करावा (‘डी’च्या जागी तुमचे अक्षर):

sfc /scannow /offbootdir=D:\ /offwindir=D:\Windows

हा आदेश सिस्टिम फाईली तपासतो आणि गहाळ झालेल्या फाईली विंडोजने स्वतःजवळ राखलेल्या प्रतींमधून परत बसवतो. संदेशात ‘बीसीडी’चा (BCD) उल्लेख असेल, तर बिघाड बूटच्या, म्हणजे विंडोज सुरू करण्याच्या, नोंदींमध्ये आहे, तेथे ‘bcdboot D:\Windows’ हा आदेश उपयोगी पडतो. हरवलेली डीएलएल (प्रोग्रॅमना लागणारी सामायिक) फाईल कुठल्याही संकेतस्थळावरून उतरवून मात्र कधीही बसवू नये, कारण ती चुकीच्या आवृत्तीची किंवा विषाणूने बाधित असू शकते.

एवढे करूनही विंडोज उठले नाही, तर ‘रिसेट धिस पीसी’ मधील ‘कीप माय फाईल्स’ हा पर्याय उरतो. त्यात वैयक्तिक फाईली राहतात, पण टॅलीपासून मराठी टंकलेखनापर्यंतचे तुम्ही बसवलेले सर्व प्रोग्रॅम जातात, म्हणून त्यांचे परवाना-क्रमांक आधी शोधून ठेवावेत.