परसातलं तळं: बांधायला आठ दिवस, पाणी तयार व्हायला दोन महिने

खड्डा, वीटकाम, गिलावा हे कोणीही चांगला गवंडी करून देतो. त्याबद्दल फार लिहीत नाही. साताऱ्यात आमच्या परसातलं तळं ८ फूट लांब, ५ फूट रुंद आणि ३ फूट खोल आहे. त्यात अडीच फूट पाणी राहतं, म्हणजे साधारण २८०० लिटर. पुढची सगळी मापं याच तळ्याची धरा.

सकाळचं चार-पाच तास ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडा. चिंचेच्या किंवा आंब्याच्या थेट खाली नको, पाला पडून कुजतो. काठ जमिनीपासून सहा इंच वर घ्या, नाहीतर पहिल्याच वळवाला बागेतलं खत आणि औषध वाहून आत येतं. काठाखाली चार बोटांवर जाळी लावलेला ओव्हरफ्लोचा पाइप ठेवा. खोलीत काटकसर करू नका. उथळ पाणी एप्रिल-मेमध्ये तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागे ९ मिलिग्रॅमच्या आसपास, ३० अंशाला साडेसात. घरात रांगतं मूल असेल तर पाणी भरण्याआधी वर लोखंडी जाळी बसवा.

सिमेंट नको असेल तर ५०० मायक्रॉन जाडीचा शेततळ्याचा प्लास्टिक कागद घ्या. लांबी अधिक खोलीच्या दुप्पट अधिक दोन फूट, रुंदीलाही तोच हिशोब. या मापाच्या तळ्याला १६ बाय १३ फुटांचा एकसंध तुकडा लागेल.

आता खरं काम.

माझं पहिलं तळं सिमेंटचं होतं. गिलावा झाल्यावर आठ दिवस पाणी भरून ठेवलं, "तेवढं पुरे" असं दुकानात सांगितलं होतं, आणि मी बावीस गोल्डफिश आणून सोडले. पाचव्या दिवशी पहाटे पाहिलं तर सगळे एका कोपऱ्यात तोंड वर करून उभे, कल्ले लालभडक. संध्याकाळपर्यंत नऊ गेले. घाबरून सगळं पाणी काढलं, तळ घासला, फिल्टर नळाखाली खळखळून धुतला. पुढच्या आठवड्यात आणखी नऊ गेले. तो स्वच्छतेचा उपायच त्यांच्या जिवावर बेतला हे कळायला मला वर्ष लागलं.

तिथे दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. पहिली चुन्याची. नव्या सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पाण्याचा सामू (पीएच) १० च्याही वर जाऊ शकतो. दुसरी अमोनियाची. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, उरलेलं खाद्य कुजूनही तोच तयार होतो. २५ अंश तापमानात सामू ७ असेल तर त्यातला शेकडा एक भागही विषारी रूपात नसतो. सामू ९ झाला की शेकडा ३५ भाग विषारी होतो. म्हणजे कच्च्या सिमेंटच्या तळ्यात तेवढ्याच माशांचा तेवढाच अमोनिया कित्येक पटींनी जहाल ठरतो.

म्हणून आधी चुना काढा. तळं काठोकाठ भरा, चार दिवस ठेवा, उपसा, भिंती काथ्याच्या ब्रशने घासा. असं तीनदा. चौथ्या भरणीला केळीच्या खांबाचे हातभर तुकडे आणि दोन घमेली ताजं शेण टाकून दहा-बारा दिवस कुजू द्या. हा मत्स्यशेतीतला जुना उपाय आहे. कुजताना आम्लं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि चुना मारला जातो. वास येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. मग उपसून, धुऊन पुन्हा भरा आणि सामू मोजा. सलग तीन दिवस ८.५ च्या खाली राहिला तरच पुढे जा. कागदी पट्ट्यांवर माझा विश्वास नाही, थेंब टाकून रंग बघायचं किट घ्या. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडून जायला दोन दिवस उघडं ठेवा.

आता जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि झाडं ते खातात. हे जिवाणू भिंतीवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजावर चिकटून वाढतात आणि पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे घेतात. तळ घासून आणि फिल्टर नळाखाली धुऊन मी तेच घालवले होते. बाटलीतलं काहीतरी ओतून हे दोन दिवसांत होतं असं सांगणाऱ्यावर विसंबू नका. कोणाचं जुनं निरोगी तळं असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणा, त्याने महिन्याचं काम पंधरवड्यावर येऊ शकतं.

माझा फिल्टर म्हणजे ५० लिटरचा ड्रम. खाली खडी, मध्ये भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्या, साबण न लागलेल्या घासण्या, वर स्पंज. १८ वॅटचा पंप पाणी वर चढवतो आणि ते धारेने परत तळ्यात पडतं. वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या आणि ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवाच.

सामू जागेवर आला की चार-पाच गप्पी सोडा. एवढ्या पाण्याला त्यांचा भार नगण्य आणि डासांच्या अळ्या ते खाऊन टाकतात. त्याआधी तळ्यावर मच्छरदाणीचं कापड ताणून ठेवा, कारण साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतो. रोज चिमूटभर खाद्य टाका आणि दर तीन दिवसांनी अमोनिया, नायट्राइट मोजून वहीत लिहा. आधी अमोनिया चढून उतरेल, मग नायट्राइट चढून उतरेल. दोन्ही शून्यावर आठवडाभर टिकले की तळं तयार.

झाडं याच काळात लावा. कुंड्यांत वॉटर लिली, तळाशी व्हॅलिस्नेरिया, म्हणजे पाण्याखाली वाढणारी पट्टीसारख्या पानांची वनस्पती. अर्धा पृष्ठभाग पानांनी झाकला गेला तर पाणी कमी हिरवं होतं. जलपर्णी कितीही सुंदर फुलली तरी आणू नका, ती आवरत नाही.

पहिल्या खेपेला पाचच गोल्डफिश. आधी वेगळ्या टबात पंधरा दिवस ठेवा. मग टबातून पिशवीत घेऊन ती पिशवी वीस मिनिटं तळ्यावर तरंगत ठेवा, थोडं थोडं तळ्यातलं पाणी आत घाला आणि मासे जाळीने सोडा. पिशवीतलं पाणी तळ्यात ओतू नका. महिन्याने आणखी पाच. कोई या मोठ्या होणाऱ्या रंगीत माशांना ही जागा अपुरी आहे.

रोज एकदा खाद्य, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदला. स्पंज घाण झाला तर तळ्यातल्याच पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा, नळाखाली कधीही नाही. तळं पूर्ण उपसू नका. रात्री वीज वाचवायला पंप बंद करा हा सल्ला सर्वांत वाईट. रात्री झाडंही प्राणवायू खातात, पहाटे तो सर्वांत कमी असतो. १८ वॅटचा पंप चोवीस तास चालवला तरी महिन्याला १३ युनिट जातात.

हिरव्या पाण्यात मोरचूद टाकायला सांगतात. माशांना तो विष आहे. सावली वाढवा, खाद्य कमी करा, वाट पाहा. मासे वर येऊन धापा टाकू लागले आणि नायट्राइट दिसला तर खाद्य बंद करा, चौथा हिस्सा पाणी बदला आणि दर १००० लिटरला एक किलो खडेमीठ विरघळवून घाला. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही.

आमच्याकडे खंड्या जांभळीच्या फांदीवर येऊन बसतो, ढोकरी काठावर उभी राहते. काठापासून हातभर उंचीवर दोन आडव्या दोऱ्या ताणल्या आणि तळाशी मातीच्या पाइपचा तुकडा लपायला ठेवला, तेव्हापासून मासे टिकले.

पिल्लं वाढली तर ओळखीत वाटा. नदीत, विहिरीत, धरणात सोडू नका, गप्पीसुद्धा नाही. उजनीच्या जलाशयात काचेच्या टाकीत पाळला जाणारा सकर मासा असाच पोचला असं मानतात आणि आज तिथल्या मच्छीमारांची जाळी त्याच्या काट्यांनी फाटतात.