चेक इंजिनचा दिवा परत लागतो? कोड पुसायची घाई नको

साखळीत मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. पावसाळा लागला की जुन्या गाड्या एकच तक्रार घेऊन येतात: मीटरमध्ये चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो, कुणीतरी स्कॅनर लावून तो घालवतो, आणि आठवड्याने दिवा परत हजर. अशा मालकाला मी आधी एवढंच सांगतो, स्कॅनरवर दिसणारा दोषाचा नंबर, म्हणजे कोड, पुसू देऊ नका. तो लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

कोडबरोबर गाडीचा कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. इंजिन किती तापलं होतं, आरपीएम किती, वेग किती, हे सगळं त्यात असतं. कोड पुसला की तीही जाते, आणि मग आम्ही अंधारात चाचपडतो. शिवाय बरेच दोष सलग दोन-तीन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो. त्यामुळे पुसल्यावर चार दिवस मीटर साफ दिसलं म्हणून दुरुस्ती झाली असं धरू नका.

२०१३ नंतरच्या बीएस-४ गाडीत स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइलवरचं ॲप एवढ्यावर कोड घरीच वाचता येतो. जोडीला एक वही ठेवा. दिवा कधी लागला? रात्रभर पाऊस पडून गेल्यावर, चोर्ला घाट चढताना, की टाकी भरल्यावर? ही वही घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम माझ्याकडे निम्म्या वेळात होतं.

दिवा लुकलुकत असेल तर मात्र वाट बघत गाडी चालवत राहायचं नाही. इंजिन मिसिंग करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा पार्ट) जाऊन त्याची वाट लावतंय. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर इंजिन तिथेच बंद.

मिसिंगचा कोड पी०३०२ असेल तर दोष दुसऱ्या सिलिंडरचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणारा पार्ट) असेल तर इंजिन बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल आपसांत बदला, मग थोडी फेरी मारा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर, वायर बघायची. एक पैसा खर्च न होता पार्ट दोषी की नाही ते कळतं. प्लगच्या खळग्यात पाणी साचलंय का, तेही तेव्हाच पाहा. इंजिनवर जोरात पाणी मारून धुण्याची सवय इथे फार महागात पडते.

पण आपल्या गोव्यात माझा पहिला संशय अर्थिंगवर, म्हणजे इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमधल्या जोडणीवर असतो. मोरजी, मिरामार अशा किनाऱ्यालगत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या कनेक्टरांत खाऱ्या हवेने हिरवट भुकटी धरते. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची पट्टी सोडवून घासा, घट्ट करा. कुळागराशेजारी (सुपारी-नारळाच्या बागेशेजारी) गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून वायरी नक्की बघाव्यात, पावसात उंदीर उबेला आत शिरतात आणि सेन्सरच्या वायरी कुरतडतात.

पी०१७१ म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. ऑक्सिजन सेन्सर विकत घेण्याआधी तडकलेले रबरी पाइप शोधा. पी०४२० दिसल्यावर थेट नवा कन्व्हर्टर सुचवणाऱ्याला विचारा, सायलेन्सरची गळती आणि मिसिंग तपासलंत का? हा पार्ट महाग आहे, आणि दोष तसाच राहिला तर नवाही जळतो.

दुरुस्ती झाली की मगच कोड पुसा. नंतर काही दिवस नेहमीच्या रस्त्यावर गाडी चालवा आणि स्कॅनरमध्ये ‘पेंडिंग’ कोड उघडून बघा. दिवा लागण्याआधीच दोष तिथे दिसायला लागतो.