फिंगरबोर्डला तेल देताना या चुका टाळा

गिटारच्या फिंगरबोर्डला, म्हणजे तारांखालच्या ज्या लाकडी पट्टीवर बोटे दाबतात तिला, तेल द्यायचे ते चकाकीसाठी नव्हे, तर उन्हाळ्यात रापलेल्या लाकडाचा कोरडेपणा थोडा कमी व्हावा म्हणून. एवढे ध्यानात आले नाही, की पुढच्या बहुतेक चुका ओघानेच होतात.

आपल्या वाद्याची पट्टी उघडी आहे की तिच्यावर लेप आहे, हे आधी पाहावे. शिसवी किंवा एबनीची पट्टी सहसा उघडी असते आणि थोडे तेल पिते. फिकट मेपलच्या पट्टीवर मात्र बहुधा लॅकरचा थर असतो, त्यामुळे तेल आत न जाता वरच राहते. मिरजेच्या सतारीबाबत तर हा मोह पूर्णपणे आवरावा. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या या सतारीची दांडी तुणीच्या लाकडाची असते आणि तिला लाखेचे पॉलिश केलेले असते. गिटारवाल्या मित्राचे पाहून तिच्यावर तेल चोळले, तर पडद्यांखाली धूळ चिकटते आणि पडदे बांधलेला दोराही तेलकट होतो. पॉलिश मळले असेल, तर वाद्य सरळ सतारमेकरकडे न्यावे.

खोबरेल ही माझी स्वतःची चूक. बाटली हाताशी होती, लाकूडही क्षणात काळेभोर, सुंदर दिसू लागले; पण डिसेंबरात सांगलीत थंडी पडली आणि एका सकाळी प्रत्येक फ्रेटच्या, म्हणजे पट्टीवरच्या आडव्या धातूच्या पडद्याच्या, कडेला पांढरी साय धरलेली दिसली, कारण हे तेल साधारण २४ अंशांखाली थिजते. पुढे त्याला खवट वास येऊ लागला, तो वेगळाच. खोबरेल कधी वाळत नाही. उलट रंगाच्या दुकानातले बेलतेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, वाळते खरे, पण जाड थर दिल्यास डिंकासारखे चिकट होऊन बसते. अशी पट्टी टर्पेन्टाइनने किंचित ओलावलेल्या फडक्याने, गिटारच्या गळ्याच्या, म्हणजे पट्टीमागच्या दांडीच्या, पॉलिशला स्पर्श न होऊ देता, हळूहळू पुसून काढावी लागते.

तारा न काढता तेल लावणे, ही आणखी एक घाई. गुंडाळीच्या तारांत तेल शिरले की त्यांचा आवाज बसतो. तारा उतरवाव्यात, फ्रेटच्या कडेचा मळ जुन्या, कोरड्या टूथब्रशने काढावा, फडक्यावर चार-पाच थेंब घेऊन तेवढ्यातच पूर्ण पट्टी पुसावी आणि दहा मिनिटांनी स्वच्छ फडक्याला डाग लागेनासा होईपर्यंत ती कोरडी करावी. वर्षातून एकदा पुरते; मी एप्रिलमध्ये देतो, पावसाळ्यात मुळीच नाही.

फ्रेटची टोके बोटांना टोचू लागली असतील, तर लाकूड आक्रसले आहे असे समजावे. त्यावर तेलाचा उपाय चालत नाही. गिटारच्या पेटीतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास ठेवून पाहावे आणि तरीही टोचत असतील, तर टोके कारागिराकडून घासून घ्यावीत.

जवसाच्या तेलाचे फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये, कारण हे तेल वाळताना तापते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ते मोकळ्या हवेत दोरीवर पसरून पूर्ण वाळवावे आणि मगच टाकावे.