कासला कॅमेरा नेताय? आधी कोरडी कापडं भरा

सप्टेंबरात कासच्या पठारावर पहिल्यांदाच कॅमेरा घेऊन निघालेल्यांसाठी हे लिहितोय. बॅटरी चार्ज करा, कार्ड रिकामं करा, प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन आधी करून ठेवा, जमलं तर शनिवार-रविवार टाळा. एवढं कुणीही सांगेल.

मला सांगायचंय ते कापडाचं. लेन्स पुसायची मऊ कापडं, एक नाही, चार घ्या आणि प्रत्येक वेगळ्या झिपच्या पिशवीत ठेवा. पठार साधारण १२०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाऊस वरून पडायलाच हवा असं नाही, ढगच अंगावरून जातो आणि काचेवर बारीक थेंब बसतात. मागच्या वेळी मी एकच कापड नेलं होतं. दोनदा पुसल्यावर ते ओलं झालं, आणि ओल्या कापडानं थेंब निघत नाहीत, पसरतात. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते दिसत नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर धुरकट डाग दिसतात. टी-शर्टला पुसू नका, घामाचा तेलकटपणा काचेवर चढतो. चार कापडं. कोरडी.

लेन्सला हूड (लेन्सपुढे बसणारं आडोशाचं नळकांडं) लावा. हॉटेलात मिळणारी शॉवर कॅप कॅमेऱ्यावर छान बसते. छत्रीच्या भरवशावर राहू नका, वारा ती टिकू देत नाही. गाडीत एसी लावून पठारापर्यंत गेलात तर थंड काचेवर बाहेरचं बाष्प जमतं, म्हणून शेवटचा अर्धा तास एसी बंद करून खिडक्या उघडा. आणि हे बाष्प पुसायलाही कापड कोरडंच लागतं.

सेटिंग घरीच लावून चला, वर बोटं ओली असतात. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी मोड ठेवा, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) आपण ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. जवळच्या फुलासाठी एफ/८ च्या आसपास; एफचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. वाऱ्यानं फुलं सतत हलतात, त्यामुळे शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका. त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ८०० किंवा १६०० करावा लागला तर खुशाल करा. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. धुक्यात कॅमेरा फसतो आणि पांढरं धुकं राखाडी करून टाकतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा, म्हणजे फोटो उजळ येतो. गेंदाची पांढरी बोंडं काळपट जमिनीवर असतील तर उलट, -१ करा, नाहीतर पांढऱ्यातला सगळा तपशील जळून जातो. पठाराचा रुंद फोटो एफ/११ किंवा एफ/१६ ला काढायचा असेल तर काच आधी पुसा: लेन्स जितकी रुंद आणि अ‍ॅपर्चर जितकं लहान, तितका थेंब जास्त उठून दिसतो. प्रत्येक रुंद फोटोआधी पुसा. कोरड्या कापडानं!

उभ्यानं खाली कॅमेरा रोखून तेरड्याचे फोटो काढू नका, सगळे एकसारखे येतात. वाटेवरच बसा, कॅमेरा फुलाच्या उंचीला आणा. सीतेची आसवं तर इतकी चिमुकली की गुडघे टेकल्याशिवाय दिसतच नाहीत. जुनी रेनपँट घाला. पण वाट सोडून आत एक पाऊलही टाकू नका. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर असतो, बुटाखाली तो आणि त्यातली रोपं दोन्ही जातात. २०१२ साली हे पठार पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलं, तरी फोटोसाठी फुलांत लोळणारे दिसतातच. त्यांचं पाहून तुम्ही जाऊ नका.

ट्रायपॉड गर्दीत नको. पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिल्टर) असेल तर घ्या, ओल्या पानांवरची चकाकी कमी होते. सुटी बॅटरी खिशात, कापडं दुसऱ्या खिशात. बॅगेच्या तळाशी नाही, खिशात.

परतल्यावर फोटो उतरवून घ्या, बॅटरी काढा, बॅग उघडी ठेवून पंख्याखाली वाळवा. ओली बॅग तशीच बंद ठेवली तर लेन्सच्या आत बुरशी धरते, आणि ती कुठल्याच कापडानं पुसता येत नाही.